वाकडा त्रिकोण

९ ऑगस्ट

सतरा नंबरचा फॉर्म भरून आली. बाहेरून दहावी. शेंडेबाईनं हात धरून नेलं, नाई तं मी काय गेली असती! बाई अंगणवाडीच्या सेविका, मी त्यांची मदतनीस. बाई आता रिटायर होतीन, त्यांच्या जागेले शिकलेली बाई लागंन. म्हणे, "सुनंदा, शिक्षण नसंन तं जन्मभर खिचडीच घोटत राह्यशील." खरं हाय.

पण आमच्या आचलचीही यंदा दहावीच. माय-लेकी एकाच वर्गात! आचलच्या बाबांले सांगतलं तं हसता हसता पाटावरून पडायचे राह्यले. म्हणे, "बल्लारपूरले मिलमधे सांगू का पोट्ट्यांले?" म्हटलं सांगा, डफडं वाजवून सांगा.

आचल हसली नाई. "आई, भूमिती कोण शिकवंन तुले?" एवढंच.

१७ ऑगस्ट

भूमितीनंच तेव्हाही मारलं होतं. गुरुजी फळ्यावर आकृती काढून द्यायचे, आपण उतरवून घ्यायची. पेपरात नुसती वाक्यं आली. आकृतीचा पत्ता नाई. बसली कोऱ्या कागदापुढं तशीच. नापास, मंग लगीन.

आज आचलनं पहिला धडा दिला. अंगणवाडी सुटल्यावर, तिची शाळा सुटल्यावर, चहा घेऊन. तिनं वाक्य वाचलं, "शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर लंब काढा." मी पट्टी घेतली अन् काढली रेघ. पार खालच्या बाजूच्या पलीकडं, दुसऱ्या पानावर उतरली. आचल पोट धरून लोळली. "आई व, हा लंब नाई, हा लंबा हाय!"

लंब म्हणजे काटकोनात उभा असलेला. आता कोणत्या शहाण्यानं ठेवलं हे नाव? आमच्याकडे लंबा म्हणजे लांबच. मी आपलं सांगतलं तसं केलं.

१८ ऑगस्ट

आज भेंडी चिरताना आचल म्हणे, "आई, ही भेंडी लंब हाय." दिवसभर तेच. बापही सामील.

२६ ऑगस्ट

पक्ष अन् साध्य. जे दिलं ते पक्ष, जे दाखवायचं ते साध्य. म्हटलं मले पक्ष ऐकलं का निवडणूकच दिसते, अन् त्याच्यात तं काहीच दिलेलं नसते. आचल म्हणे ध्यान दे.

वाक्यात 'जर' अन् 'तर' शोधायचं. 'तर'च्या अगोदरचं पक्ष, नंतरचं साध्य. मी विचारलं, जर-तर नसलंच तं? म्हणे आपण लावायचं. 'समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात' याचं, जर चौकोन समांतरभुज असेल तर त्याचे कर्ण दुभागतात. वा! एवढं सोपं तेव्हा कोणी सांगतलं असतं तं. गुरुजी वाईट नव्हते. पण सांगतलं नाई.

७ सप्टेंबर

मी म्हटलं, या वाक्यात A B C कुठी हाय? आचल म्हणे, "आई, वाक्यात नावं नसतात. नावं आपण ठेवायची."

लय आवडलं हे. लग्नात माह्यं नाव बदललं तेव्हा मले कोणी इचारलं नव्हतं. इथी कोपऱ्याकोपऱ्याले माह्या मर्जीचं नाव. पहिला बिंदू S ठेवला. माहेरची शोभा, सासरची सुनंदा, दोघींले एकच S पुरला. आचलले सांगतलं तं माह्याकडं पाहतच राह्यली. तिले माहीतच नव्हतं माह्यं नाव शोभा होतं ते.

१५ सप्टेंबर

आचलचा नियम: वाक्य एकदम गिळायचं नाई. काडी पाडायची.

म्हणजे पेन्सिलीनं वाक्याचे तुकडे. त्रिकोणाच्या / एका शिरोबिंदूतून / समोरच्या बाजूवर / मध्यगा काढली. एक तुकडा वाचायचा, तेवढंच काढायचं, थांबायचं. मंग पुढचा. "सांगतलं तेवढंच काढ आई. आपल्या मनचं घालू नको." मास्तरीणच हाय ही पोट्टी. मी तिच्या वयात असती तं पळून गेली असती अशा ढ मायीपासून.

मध्यगा म्हणजे समोरच्या बाजूच्या बरोबर मधात जाणारी. लंब म्हणजे सरळ खाली पडणारा. दोघं एकाच कोपऱ्यातून निघतात, पाय वेगळ्या जागी टेकतात. हे पाठ.

५ ऑक्टोबर

माह्ये त्रिकोण पाहून लाज वाटते. एक बाजू इकडं, एक तिकडं. हे म्हणाले, "हा तं आपला नाल्याकडचा शेताचा तुकडा हाय, बांधा-धुऱ्यासकट." आचलचा त्रिकोण म्हणजे देवळाचं शिखर. दोन्ही उतार सारखे. पट्टी न लावता. सरांनी तिची वही वर्गात फिरवली म्हणे.

हात माह्या वळणाचा हाय तिचा. रांगोळी मीच शिकवली. इवलीशी होती तेव्हा ठिपके मी ठेवायची, रेघा ती ओढायची. रेघ वाकडी गेली का मी हातावर चापट मारून पुसायला लावायची. सरळ काढ व, सरळ. दाराले आलेली बाई पहिले रांगोळी पाहते. आता गावात तिच्यासारखी रांगोळी कोणाची नाई. मी सांगत फिरत नाई, पण लोकं पाहतात.

१९ ऑक्टोबर

दिवाळी जवळ. आचलनं अंगणात सगळे त्रिकोण काढले, आतमधे त्रिकोण, त्याच्या आत त्रिकोण. शेंडेबाई येऊन फोटो काढून गेल्या.

मी म्हटलं दिवाळीत भूमिती बंद. आचल म्हणे, तू मागं पडशील. तिचा स्वतःचा अभ्यास कधी होते काय माहीत. विचारलं तं म्हणे, "तुले शिकवते तेव्हा माह्याही होतेच ना."

असं होत असंन तं बरं हाय.

९ नोव्हेंबर

धान कापणी. कंबर गेली. पुस्तक उघडलं नाई.

१६ नोव्हेंबर

आज आठवडी बाजारात आचलचे गणिताचे सर भेटले. मी आपली खुशीत, म्हटलं आता कौतुक ऐकायले भेटते. तं म्हणे, "वहिनी, आचलच्या आकृत्या देखण्या असतात, पण सगळ्या एकाच साच्यातल्या. तिले घरी सांगा, त्रिकोण जरा वाकडातिकडा काढत जा म्हणा. नाई तं फसंन."

मले भल्ला राग आला. सरांपुढं काय बोलणार. पण मनात म्हटलं, तुमचा फळा पाह्यला मी, कोंबडीनं उकरल्यासारखा. देखणं काढलं तं तेही पाहवत नाई का लोकांले? वाकडं काढ म्हणे! अशी कुठी शाळा असते?

घरी काही सांगतलं नाई. पोट्टीचं मन काऊन खट्टू करा.

२८ डिसेंबर

आचलनं पहिल्यांदा सांगतलं तिच्या मनातलं. तिले डिप्लोमा करायचा हाय, चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले. सिव्हिल. नकाशे काढायचे असतात म्हणे, इमारती, पूल. "आई, दिवसभर आकृत्याच काढायच्या, अन् त्याचा पगार!" हे म्हणाले, गणितात मार्क आण, यादीत नाव लाव, रोज मी गाडीनं सोडून देईन, तिकूनच बल्लारपूरले मिलमधे जाईन. मुलीच्या जातीनं पूल बांधायचे म्हणे शेजारची. हे तिले म्हणाले, तुमच्या पोट्ट्यानं बांधला तं तोच वापरू आम्ही. लय हसली मी.

रात्री जेवताना आचलचं तोंड पाहण्यासारखं होतं.

११ जानेवारी

सराव परीक्षा. आचलले चांगले मार्क. तिच्या पेपरात आकृत्या छापूनच दिल्या होत्या. नुसतं सिद्ध करायचं.

माही परीक्षा शेंडेबाईनं घेतली, अंगणवाडीच्या पाटीवर. पोरं भवती जमा. एका वाक्याची आकृती माह्या मनानं काढली, काडी पाडून. बरोबर आली. वाकडीच, पण बरोबर आली. घोळका टाळ्या वाजवून राह्यला, त्यांले वाटलं मी पतंग काढला.

२२ फेब्रुवारी

आचलले ताप. तापातही माह्या वाक्यांवर काड्या पाडून देते. मी म्हटलं आता तुह्यं कर. म्हणे माह्यं झालं हाय.

मी ऐकलं तिचं. वही तिच्या हातून घ्यायला पाहिजे होती.

भूमितीचा पेपर, संध्याकाळी

कसं लिहू.

दोघींचा नंबर पोंभुर्ण्यालेच, पण केंद्र वेगळं. पेपर सुटल्यावर बसस्टँडवर भेटायचं ठरलं होतं. मी लवकर पोचली. खुशीत होती. शेवटचं प्रमेय नुसत्या वाक्यात होतं. नावं नाई, आकृती नाई. त्रिकोणाच्या एका कोपऱ्यातून मध्यगा काढली अन् लंबही काढला. दोघांचे पाय जिथं टेकतात त्याच्यामधलं जे अंतर, त्याच्यावरून काहीतरी सिद्ध करायचं होतं. मी काड्या पाडल्या. नाल्याकडच्या तुकड्यासारखा त्रिकोण काढला. दोन रेघा सोडल्या, दोन पाय वेगळे टेकले, मधातलं अंतर दिसलं. पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, पायथागोरसच्या दोन ओळी लिहिल्या. पुढं नाई जमलं. पण कोरं तं नाई सोडलं!

आचल आली. तोंड उतरलेलं. मी पाह्यलंच नाई तिचं तोंड. मीच बोलत सुटली, "आचल, ते मध्यगेचं, लंबाचं! मी तं आपला वाकडाच काढला, मस्त दोन पाय वेगळे आले..."

ती थांबली. "तुह्ये वेगळे आले?"

मंग बसमधे हळूहळू सांगतलं. तिनं काढला शिखरासारखा. दोन्ही उतार सारखे. तं लंब अन् मध्यगा एकावर एक पडले. एकच रेघ झाली. अंतर कुठून आणणार? खोडलं, पुन्हा काढलं. पुन्हा तसाच. हात तसाच जाते म्हणे. पुन्हा खोडलं. कागद फाटला. त्याच्यातच वेळ गेला, मागचे दोन प्रश्न राह्यले. "मले वाटलं प्रश्नच चुकीचा हाय, आई."

खिडकीकडं तोंड करून बसली. मी पाठीवर हात ठेवला तं अंग आकसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी

सरांचं बोलणं. बाजारातलं. डोक्यातून जात नाई. नाई तं फसंन, असं म्हणाले होते ते. चांगल्यासाठी सांगत होता माणूस. मले वाटलं नावं ठेवून राह्यले.

एका वाक्याचा निरोप होता. तेवढाही पोचवला नाई मी.

३० मार्च

आचल काही दाखवत नाई. मावशीकडं धानोऱ्याले गेली सुट्टीत. मोहफुलं वेचते म्हणे पोरींसोबत, फोनवर हसते. माह्याशी बोलताना "हो, बरं, ठेवते".

अंगणात सडा टाकते, रांगोळी मी काढत नाई. तिची सवय झाली लोकांले, माह्या रांगोळीले कोण पाहते.

निकाल

मी पास.

लिहून पाह्यलं, पण काही वाटून नाई राह्यलं. शेंडेबाई पेढे घेऊन आल्या, मी डबा फळीवर मागं सरकवून ठेवला. आचल पास हाय, बाकी विषयांत मस्त, गणितात खाली. भूमितीनं ओढलं. हे म्हणाले, "पास झाली ना दोघी, बस्स." पण नंतर बाहेर जाऊन गाडी पुसत बसले. आधीच पुसलेली होती.

आचल माह्या पाया पडली. "आई, अभिनंदन." खरं म्हणाली ती, टोमणा नव्हता. टोमणा असता तं बरं झालं असतं.

६ जून

डिप्लोमाचं नाव काढू देत नाई. "इथीच कॉलेजात आर्ट्स घेते." काऊन व? "मले आकृती काढता येत नाई." मी म्हटलं, वेडी झाली का, गावात तुह्यासारखा हात कोणाचा हाय! तं म्हणे, "हात हाय. आकृती वेगळी असते."

हे म्हणाले, मिलमधल्या एकाचा पोट्टा याच मार्कांवर लागला गेल्या वर्षी, शेवटच्या यादीत. नाव तं टाकून पाहू. ती उठून गेली.

१० जून

सांगून टाकलं. भाजी निवडत होतो दोघी. सर बाजारात भेटले, असं म्हणाले, अन् मी तुले सांगतलं नाई. मले राग आला होता म्हणून. सगळं सांगतलं. लहानपणी हातावर चापटा मारायची तेही. सरळ काढ सरळ काढ मीच करत होती ना.

तिच्या हातातली चवळीची शेंग तशीच राह्यली. मंग म्हणाली, "तेव्हा सांगतलं असतं तं?"

जर-तर तिनंच शिकवलं मले. 'तर'च्या पुढं काय लिहू?

रडली नाई ती. भांडलीही नाई. शेंगा पुऱ्या निवडल्या, उठली. मीच रडली मंग चुलीपाशी. भांडली असती तं जिवाले जरा हलकं वाटलं असतं.

१३ जून

शेंडेबाई विचारतात, बारावीचं काय? सेविकेच्या जागेले पुढं तेही पास लागंन म्हणे. मी म्हटलं बाई, आता नाई. पोट्टीच्या हातून पुस्तक घेऊन मी शिकली, आता पुन्हा नाई. बाई म्हणे हा काय वेडेपणा. असंन वेडेपणा.

आचल ऐकत होती दारात.

१५ जून

यांनी कागदं जमा केले न विचारता. दाखला, फोटो, जातीचं, उत्पन्नाचं. ऑनलाइन नाव टाकलं मिलमधल्याच्या पोट्ट्याकडून. आता चांद्याले जाऊन कागदं तपासून घ्यायचे, ते पोरीशिवाय होत नाई. आचलले सांगतलं तं म्हणे, "बाबा, तुमी काऊन करून राह्यले?" हे म्हणाले, "मले गाडी चालवता येते, तेवढं मी करतो." पिशवी खुंटीले लटकून हाय.

१८ जून

कागदं तपासायची आज शेवटची तारीख.

सकाळी सडा टाकून मी अंगणवाडीच्या तांदळाले लागली. पाहते तं आचल आपल्या मनानं उठली, रांगोळीचा डबा काढला. किती दिवसांनी. ठिपके ठेवले नाई. उकिडवी बसून एक त्रिकोण काढला. मोठा, अंगणभर. एक बाजू आखूड, एक दूरवर गेलेली, नाल्याकडच्या तुकड्यासारखा. हात अडखळत होता, दिसत होतं मले. दोनदा सरळ जायला गेला, तिनं ओढून वाकडा केला. मंग वरच्या कोपऱ्यातून दोन रेघा सोडल्या. एक सरळ खाली, एक बाजूच्या मधात. दोन पाय वेगळे टेकले. मधात हातभर जागा राह्यली.

अन् माह्या तोंडातून गेलंच. इतक्या वर्षांची जीभ. "वाकडं झालं व, आचल."

जीभ चावली मी. तिनं मान वर केली. माह्याकडं पाह्यलं, त्रिकोणाकडं पाह्यलं. "हो," म्हणाली. हसली का काय, कळलं नाई, तोंड लगेच खाली घातलं.

कोपऱ्यात नाव ठेवलं रांगोळीनंच. S. बाकीचे दोन कोपरे मोकळे ठेवले.

यांनी गाडी बाहेर काढली. हॉर्न नाई वाजवला. पिशवी मी खुंटीवरून काढून दारात ठेवली. आचल अजून आंघोळीले उठली नाई, डबा मांडीवर घेऊन अंगणातच बसून हाय.